उत्तरदायित्वाचे स्वरूप : युक्रेनी साहित्यातील युद्धविचार आणि न्याय्य शांतता

१

युद्धविषयक साहित्याचे परीक्षण करताना समीक्षकाचे लक्ष सामान्यतः दोन गोष्टींकडे जाते. युद्धाचे चित्रण कितपत प्रत्ययकारी उतरले आहे, ही पहिली; आणि लेखकाचा कौल युद्धाच्या बाजूने आहे की विरुद्ध, ही दुसरी. युक्रेनी साहित्याच्या बाबतीत ही दोन्ही परिमाणे अपुरी पडतात. तेथील उत्तम लेखनाला छळणारा प्रश्न तिसराच आहे : जे घडले त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे? 'न्याय्य शांतता' हा शब्दप्रयोग २०१४ साली रशियाने क्रिमिया बळकावल्यानंतर, आणि विशेषतः २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पूर्ण आक्रमण सुरू झाल्यानंतर, राजनीतीच्या भाषेत रूढ झाला. परंतु त्यामागील विचार त्या दिवशी जन्मलेला नाही. त्याला शंभरांहून अधिक वर्षांची वाङ्मयीन परंपरा आहे.

युक्रेनी भाषेत जबाबदारीला 'विद्पोविदाल्निस्त' म्हणतात. 'विद्पोविद्' म्हणजे उत्तर; त्यावरून हा शब्द सिद्ध झाला आहे. मराठीतील 'उत्तरदायित्व' हे संस्कृत वळणाचे पद आणि 'जबाबदारी' हे अरबी-फारसीतून आलेले पद, ही दोन्ही याच कल्पनेवर उभी आहेत, हा योगायोग मराठी अभ्यासकाला उपयोगी पडावा. जबाबदार तो, ज्याला जबाब द्यावा लागतो. मग पुढचे दोन प्रश्न आपोआपच उभे राहतात : जबाब कोणी द्यावा, आणि कोणापुढे? युक्रेनी साहित्यातील ज्या कृतींनी हा प्रश्न प्रथम स्वपक्षाला विचारला, त्याच कृती शत्रूला तो विचारण्यास नैतिकदृष्ट्या समर्थ ठरल्या आहेत. आणि जेथे हा क्रम सुटला, तेथे त्यांचा युक्तिवाद दुर्बळ झाला आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

२

या परंपरेचा आरंभ लेस्या उक्राइन्का (१८७१–१९१३) यांच्या 'कसांद्रा' या नाट्यकाव्यापासून धरणे सोयीचे आहे. ही कृती १९०७ साली पूर्ण झाली. १८७६ च्या एम्स येथील फर्मानाने झारशाहीत युक्रेनी भाषेतील ग्रंथप्रकाशनावर कठोर निर्बंध घातले होते आणि १९०५ च्या उठावापर्यंत ते कमीअधिक प्रमाणात टिकून होते. अशा काळात ट्रॉयच्या वेढ्याची ग्रीक कथा निवडण्यामागे केवळ विद्वत्तेची हौस नव्हती. होमरने ही कथा मुख्यतः रणांगणावरील वीरांच्या अंगाने सांगितली. लेस्या उक्राइन्का यांनी ती वेढलेल्या नगरातील, ज्यांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाही अशा एका स्त्रीच्या दृष्टीने पाहिली.

या नाट्याचे वैशिष्ट्य असे की, वेढ्यात सापडलेले ट्रॉय त्यात निष्पाप ठरविलेले नाही. हेलनचे हरण ट्रॉयच्याच राजपुत्राने केले आहे, आणि त्या अपराधाचा उच्चार घरात कोणालाच नको आहे. कसांद्रा तो करते, म्हणून ती अप्रिय. तिचा भाऊ हेलेनस हाही भविष्यवेत्ता आहे; पण लोकांना धीर देणारे असत्य हे नाश सांगणाऱ्या सत्याहून हितकर, असे त्याचे मत आहे. या भावाबहिणींचा संवाद हा नाट्याचा वैचारिक गाभा होय. परंतु नैतिक कसोटीचा प्रसंग याहून पुढे आहे. ग्रीकांचा हेर सिनॉन पकडला जातो. तो खोटे बोलत आहे, हे कसांद्रा जाणते. त्याच्या वधाचा निर्णय तिच्यावरच सोपविला जातो. आणि त्याच्या विनवणीपुढे तिचा हात धजत नाही. पुढे लाकडी घोडा नगरात येतो आणि ट्रॉय जळते.

या प्रसंगाचा एकच एक अर्थ लावणे चुकीचे होईल. कसांद्रेची करुणा हा तिचा दोष आहे, असे नाटककर्ती म्हणत नाही. ती करुणा नसती तर कसांद्रा आणि तिचे शत्रू यांत फरक उरला नसता. तथापि त्या करुणेचे मोल इतरांनी आपल्या प्राणांनी दिले, हेही ती झाकीत नाही. सत्य जाणणे म्हणजे जबाबदारी पार पाडणे नव्हे. त्या सत्याला अनुसरून कृती करावी लागते, आणि कृती केली की हात निर्मळ राहत नाहीत. शंभर वर्षांनंतरच्या युक्रेनी लेखकांपुढे हाच पेच अधिक उग्र रूपात उभा राहावयाचा होता.

३

दुसऱ्या महायुद्धात युक्रेनच्या भूमीवरून सैन्ये दोनदा गेली : एकदा माघार घेत, एकदा पुढे सरत. चित्रपट-दिग्दर्शक ओलेक्सांद्र दोव्झेन्को (१८९४–१९५६) यांनी १९४३ साली 'युक्रेन ज्वाळांत' ही चित्रकथा लिहिली. जर्मन क्रौर्याचे चित्रण तीत आहेच. परंतु तिचा रोख तेवढ्यावर थांबत नाही. माघार घेणाऱ्या सैन्याने ज्यांना मागे सोडले, त्या स्त्रिया, वृद्ध आणि मुले यांना परतलेले सैन्य जाब विचारते : शत्रूच्या अमलाखाली तुम्ही कसे जगलात? ख्रिस्त्या या तरुणीची गनिमांच्या न्यायासनापुढे होणारी चौकशी हा या कथेतील सर्वांत धारदार प्रसंग. अपराध कबूल करीत असतानाच ती आरोप करणाऱ्यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात आणते. ज्यांनी तिला रक्षणावाचून सोडले, त्यांना तिच्यावर निवाडा देण्याचा अधिकार कोठून आला?

हा प्रश्न सोव्हिएत सत्तेला परवडणारा नव्हता. जानेवारी १९४४ च्या अखेरीस स्तालिनच्या उपस्थितीत या कथेचा निषेध झाला, दोव्झेन्को यांच्यावर राष्ट्रवादाचा ठपका आला आणि चित्रपट निघू शकला नाही. ज्या कथेत शत्रूचे क्रौर्य इतक्या तीव्रतेने आले आहे, तिच्यावर बंदी यावी, याचे कारण उघड आहे. शत्रूच्या अपराधाची कथा सत्तेला हवी होती. स्वतःच्या उत्तरदायित्वाची नको होती.

याच धाग्याचे दुसरे टोक १९६६ साली सापडते. कीव्हजवळील बाबिन यार या घळीत २९ व ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत नाझींनी ३३,७७१ ज्यूंची हत्या केली. सोव्हिएत राजवटीने या हत्याकांडाचा ज्यू संदर्भ पुसून टाकण्याचा प्रयत्न दीर्घकाळ केला. २९ सप्टेंबर १९६६ रोजी, पंचविसाव्या स्मृतिदिनी, तेथे सरकारी परवान्यावाचून जमलेल्या लोकांपुढे युक्रेनी समीक्षक इवान ज्यूबा (१९३१–२०२२) यांनी भाषण केले. त्या भाषणाचे मोल केवळ शोक व्यक्त करण्यात नाही. आपल्या राष्ट्रातही ज्यूद्वेष आहे आणि युक्रेनी म्हणून आपल्याला त्याची लाज वाटते, असे त्यांनी उघडपणे सांगितले. शेजाऱ्याच्या दुःखाचे भागीदार झाल्यावाचून स्वतःच्या स्वातंत्र्याची मागणी खरी ठरत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हा वक्ता स्वराष्ट्राच्या हक्कांविषयी उदासीन नव्हता. 'आंतरराष्ट्रीयवाद की रशियनीकरण?' हा त्यांचा ग्रंथ १९६५ चा, आणि त्यापायी पुढे १९७२ साली त्यांना अटक झाली.

१९७३ साली ज्यूबा यांनी माघारीचे निवेदन प्रसिद्ध केले आणि त्यांची सुटका झाली, ही गोष्ट वगळून त्यांचे चित्र रंगविणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्यामुळे १९६६ च्या भाषणाचे सत्य उणावत नाही. उलट, उत्तरदायित्व ही वीरांचीच मिरासदारी नव्हे, भीतीने वाकणाऱ्या माणसालाही ते एखाद्या क्षणी पेलता येते, असाच त्याचा अर्थ निघतो.

४

सेर्ही झादान (जन्म १९७४) यांची 'इन्तेर्नात' ही कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली. लेखक पूर्वेकडील लुहान्स्क प्रांतातला. तेव्हा दोनबासमधील युद्ध त्याच्या दृष्टीने परक्या भूमीवरचे नव्हते. कादंबरीचे कथानक साधे आहे. पाशा हा पस्तिशीचा शाळामास्तर युद्धरेषेपलीकडील शहरातल्या वसतिशाळेत अडकलेल्या आपल्या भाच्याला घरी आणण्यासाठी निघतो. जानेवारीतील तीन दिवसांचा जाण्यायेण्याचा प्रवास, एवढाच तिचा विस्तार. मात्र या साधेपणात एक कठोर योजना आहे. सैनिक कोणत्या बाजूचे, हे कादंबरी बहुतेक ठिकाणी नावाने सांगत नाही. शहराचे नावही येत नाही. हे तंत्र गूढता आणण्यासाठी योजलेले नसून ते पाशाच्या मनाचे प्रतिबिंब आहे : बाजू ओळखण्याचे त्यानेच आजवर टाळले आहे.

पाशा युक्रेनी भाषा शिकवितो, पण ती त्याच्या दृष्टीने केवळ वर्गातली भाषा आहे. वृत्तान्त तो ऐकत नाही. भाच्याला वसतिशाळेत ठेवले गेले तेव्हाही त्याने विरोध केला नाही. तो दुष्ट नाही. शेजारधर्म पाळणारा, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला असा तो मनुष्य आहे. आणि कादंबरीचा आरोप नेमका या 'अध्यातमध्यात नसण्या'वरच आहे. वसतिशाळेची संचालिका नीना त्याला त्याच्या अलिप्ततेचा जाब विचारते तेव्हा त्याच्यापाशी उत्तर नसते. शत्रूचा उल्लेखही न करता झादान यांनी येथे युद्धाच्या कारणांतील एक कारण दाखविले आहे. आपले काही देणे लागत नाही असे मानणाऱ्या असंख्य सज्जनांनी जी जागा मोकळी सोडली, तीत बंदुका शिरल्या.

कादंबरीच्या अखेरीस निवेदन पाशाकडून भाच्याकडे जाते. हा बदल काही वाचकांना अकस्मात वाटण्याचा संभव आहे. परंतु रचनेच्या दृष्टीने तो अपरिहार्य आहे. ज्याला उत्तर द्यावयाचे, त्याच्या हातीच शेवटी शब्द सोपविला आहे. पाशाचा न्यायनिवाडा न्यायालय करणार नाही, इतिहासही करणार नाही. तेरा वर्षांचा एक मुलगा करणार आहे. 'जबाब कोणापुढे?' या प्रश्नाला युक्रेनी साहित्याने दिलेले हे कदाचित सर्वांत साधे आणि सर्वांत कठीण उत्तर होय.

कादंबरीला मर्यादाही आहेत. पाशा ज्यांच्यात वाढला त्या खाणप्रदेशातील लोकांनी ती अलिप्तता का पत्करली, त्यामागे कोणती आर्थिक उपेक्षा होती, याचा शोध ती फारसा घेत नाही. व्यक्तीच्या सदसद्विवेकावर सर्व भार टाकल्याने राज्याचे उत्तरदायित्व काहीसे झाकले जाते. दोव्झेन्को यांच्या कथेत जो दुसरा प्रश्न होता, तो येथे मंदावला आहे.

५

२०२२ नंतर कल्पित साहित्याच्या जागी साक्ष येऊ लागली. या स्थित्यंतराचे उदाहरण म्हणून विक्तोरिया आमेलिना (१९८६–२०२३) यांचे नाव घ्यावे लागेल. त्या कादंबरीकार होत्या. आक्रमणानंतर त्यांनी युद्धगुन्ह्यांच्या नोंदी घेण्याचे रीतसर शिक्षण घेतले आणि ते काम पत्करले. बालसाहित्यकार वोलोदिमिर वाकुलेन्को यांना मार्च २०२२ मध्ये इझ्युमजवळील कापितोलिव्का या गावातून रशियन सैनिकांनी पकडून नेले. त्यापूर्वी त्यांनी आपली हस्तलिखित रोजनिशी बागेतील चेरीच्या झाडाखाली पुरून ठेवली होती. गाव मुक्त झाल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये आमेलिना यांनी ती शोधून काढली. वाकुलेन्को यांचा मृतदेह इझ्युमच्या दफनभूमीत सापडला. रोजनिशी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २७ जून रोजी क्रामातोर्स्क येथील उपाहारगृहावर झालेल्या क्षेपणास्त्रहल्ल्यात आमेलिना जखमी झाल्या आणि १ जुलै रोजी मृत्यू पावल्या. 'युद्धाकडे पाहणाऱ्या स्त्रियांकडे पाहताना' अशा अर्थाचे शीर्षक असलेला त्यांचा अपुरा इंग्रजी ग्रंथ २०२५ मध्ये प्रकाशित झाला.

हे चरित्र इतके करुण आहे की, त्याच्यापुढे समीक्षा मुकी होण्याचा धोका आहे. म्हणूनच ग्रंथाकडे ग्रंथ म्हणून पाहणे अगत्याचे ठरते. त्यात सूडाची भाषा जवळजवळ नाही. नोंद घेणाऱ्या, वकिली सोडून सैन्यात गेलेल्या, ग्रंथालय सांभाळणाऱ्या अशा स्त्रियांचे कार्य त्यात येते. आणि प्रत्येक ठिकाणी एकच चिकाटी दिसते : काय, कोठे, केव्हा, कोणी. अपुऱ्या राहिलेल्या भागांत तर टिपणेच छापलेली आहेत. कल्पनेचा अलंकार उतरवून ठेवलेल्या कादंबरीकर्तीचे हे गद्य आहे. सिनॉनसमोर कसांद्रेचा हात थांबला होता. आमेलिना यांनी त्या हातात लेखणी दिली. वध आणि क्षमा यांच्यामध्ये तिसरी वाट आहे, ती पुराव्याची, असे त्यांचे कार्य सुचविते. मृताला उत्तर देण्याचा एवढाच मार्ग जिवंतांच्या हाती असतो.

६

येथवर पाहिलेल्या कृतींच्या तुलनेत ओक्साना झाबुझ्को यांचा २०२२ च्या वसंतातील गाजलेला निबंध वेगळ्या वाटेने जातो. बुचा येथील हत्याकांडानंतर त्यांनी रशियन साहित्याकडे नव्याने पाहण्याची हाक दिली. टॉलस्टॉय यांच्या 'जगात कोणी अपराधी नाही' अशा आशयाच्या शीर्षकाचा त्यांनी आपल्या शीर्षकात उपहासाने उपयोग केला आहे. अपराध्याविषयी करुणा बाळगण्याची या साहित्याने लावलेली सवय अपराधाचा निषेध बोथट करते, आणि त्या सवयीचा व बुचाचा संबंध आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख आहे.

टॉलस्टॉय यांच्याकडे गांधीजींच्या आदरातून पाहण्याची सवय झालेल्या भारतीय वाचकाला हा आरोप धक्का देणारा आहे. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी स्थापिलेल्या वसाहतीला टॉलस्टॉय यांचेच नाव होते. परंतु गांधीजींनीच १९२० साली 'यंग इंडिया'त भ्याडपणा आणि हिंसा यांतच निवड करावयाची झाली तर हिंसा पत्करावी, असे म्हटले होते, याचेही स्मरण ठेवले पाहिजे. अप्रतिकार हे सबलाचे व्रत आहे. दुसऱ्याने दुर्बलाला द्यावयाचा उपदेश नव्हे. एवढ्यापुरती झाबुझ्को यांची चीड समजण्याजोगी आहे : मारल्या जाणाऱ्याला करुणेचा पाठ देणे ही करुणा नव्हे.

तथापि समंजसपणे पाहता त्यांच्या युक्तिवादात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. कार्ल यास्पर्स यांनी युद्धोत्तर जर्मनीत दिलेल्या आणि १९४६ साली ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत अपराधाचे चार प्रकार केले : कायद्याच्या दृष्टीने, राजकीय, नैतिक आणि पारमार्थिक. राजकीय दायित्व नागरिकांच्या समूहावर पडते, कारण राज्य त्यांचे असते. नैतिक अपराध मात्र ज्याचा त्याचा, आणि त्याचा निवाडा ज्याच्या त्याच्या अंतःकरणात. आक्रमणाचे राजकीय दायित्व रशियन समाजाला टाळता येणार नाही, हे झाबुझ्को यांचे म्हणणे या कसोटीवर टिकते. परंतु एका शतकापूर्वीच्या कथालेखकाच्या करुणेतून आजच्या मारेकऱ्याची बंदूक निघाली, असे म्हणताच व्यक्तीच्या अपराधाची जागा संस्कृतीचा अपराध घेतो. आणि संस्कृती अपराधी ठरली की, प्रत्यक्ष गोळी झाडणारा मनुष्य गर्दीत लपून सुटतो. ज्या समजुतीवर हल्ला करावयाचा, तिच्याच दाराशी हा युक्तिवाद जाऊन पोहोचतो : सर्वच अपराधी असतील, तर कोणीच अपराधी नाही.

यास्पर्स आपल्या लोकांशी बोलत होते; ज्यूबाही आपल्याच लोकांशी बोलले. समूहाच्या लाजेची भाषा स्वतःविषयी वापरली तर ती शुद्ध करते. दुसऱ्याविषयी वापरली तर ती शिक्षेची भाषा होते. हा भेद युक्रेनी परंपरेतच सापडतो, हे तिचे सामर्थ्य होय.

७

आता न्याय्य शांततेकडे वळता येईल. २०२२ च्या नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकऱ्यांत कीव्ह येथील नागरी स्वातंत्र्य केंद्र ही संस्था होती. तिच्या प्रमुख ओलेक्सांद्रा मात्विइचुक यांनी ऑस्लो येथील व्याख्यानात मांडलेला विचार थोडक्यात असा : आक्रमण झालेल्या देशाने शस्त्रे खाली ठेवल्याने शांतता येत नाही, परकी सत्ता येते, आणि न्याय युद्ध संपेपर्यंत थांबवून ठेवता येत नाही. १७ मार्च २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मुलांच्या बेकायदा स्थलांतराबद्दल रशियाच्या अध्यक्षांविरुद्ध अटकेचे अधिपत्र काढले. २५ जून २०२५ रोजी आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी विशेष न्यायासन स्थापण्याचा करार युक्रेन व युरोप परिषद यांच्यात झाला. या घटनांकडे केवळ राजनीतीचे डाव म्हणून पाहणे अपुरे होईल. व्यक्तीला नावानिशी उत्तर द्यावयास लावणे, हे आमेलिना यांच्या टिपणवहीचेच न्यायालयीन रूप आहे. झाबुझ्को यांच्या व्यापक आरोपापेक्षा ही वाट अधिक अरुंद असली, तरी अधिक भरवशाची आहे.

परंतु ही परंपरा स्वतःच्या कसोटीला सर्वत्र उतरली आहे, असे म्हणता येत नाही. युक्रेनच्या १९९६ च्या राज्यघटनेचा पस्तिसावा अनुच्छेद धार्मिक श्रद्धेपोटी शस्त्र न धरणाऱ्यांना पर्यायी सेवेचा हक्क देतो. युद्धकाळात तो हक्क प्रत्यक्षात दुर्मिळ झाला आणि नकार देणाऱ्या काहींना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. येथे परामर्श घेतलेल्या अलीकडच्या कृतींत अशा माणसाला जागा नाही. पाशाने भीतीने आणि आळसाने अंग काढून घेतले. पण जो श्रद्धेने शस्त्र नाकारतो आणि त्याची किंमत मोजतो, तो पाशा नव्हे. या दोघांतील भेद मांडणारी कृती निर्माण झाली, तर कसांद्रेच्या थांबलेल्या हाताचे ते खरे भाष्य ठरेल.

एतावता निष्कर्ष असा की, युक्रेनी विचारातील न्याय्य शांतता ही विजयाचे दुसरे नाव नाही आणि युद्धविरामाचेही नाही. सीमा जुन्या रेषेवर आल्या तरी जोवर मृताच्या नावाला उत्तर मिळाले नाही, तोवर ती अपुरी. आणि उत्तर मागणाऱ्याने आपल्या घरातील प्रश्न टाळले, तर ती पोकळ. लेस्या उक्राइन्का यांनी वेढलेल्या नगराला निष्पाप ठरविले नाही, दोव्झेन्को यांनी परतलेल्या सैन्याला ठरविले नाही, ज्यूबा यांनी आपल्या राष्ट्राला ठरविले नाही, झादान यांनी सज्जन शाळामास्तराला ठरविले नाही. म्हणूनच आक्रमकाला अपराधी म्हणण्याचा या साहित्याचा अधिकार मोठा आहे. तो अधिकार मिरवण्याने वाढत नाही. प्रत्येक पिढीने स्वतःला दिलेल्या उत्तरानेच तो टिकतो.